धक्का पोचतो, माणूस जागेवरच: लाटा ऊर्जा कशी नेतात ते घरी तपासायची रीत

नवरात्रात तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत उभं राहिलेल्याला लाट म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. रांग थांबलेली असते. मागं कुठंतरी कुणीतरी रेटा देतो. तो माणूस तुम्हाला दिसतही नाही, पण दोन-तीन श्वासांत रेटा तुमच्या पाठीवर येतो. तुम्ही पुढच्या बाईंच्या पिशवीवर आदळता, "अहो, ढकलू नका" ऐकून घेता आणि परत टाचांवर येता. तोवर रेटा पुढं वीस-पंचवीस माणसांपलीकडं गेलेला असतो. रेटा देणारा तिथंच, तुम्ही इथंच. पोचला तो फक्त धक्का, आणि त्याचा खरा मार बसला तो सगळ्यात पुढं लोखंडी कठड्याला टेकलेल्या माणसाला, कारण धक्का पुढं ढकलायला त्याच्यापुढं कुणी नव्हतं.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. लेकरं "तरंग ऊर्जेचे वहन करतात, द्रव्याचे नाही" हे वाक्य घडाघडा म्हणून दाखवतात आणि अर्थ विचारला की आढ्याकडं बघतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी मी घरच्या नि आखाड्यावरच्या, म्हणजे शेतावरच्या, सामानात करायचे हे प्रयोग जमवत गेलो. एक सुट्टी पुरते. सामान म्हणाल तर सात-आठ मीटरचा कासरा, लाल चिंधी, पातेलं, चिमूटभर रवा, हलगी किंवा स्टीलचं ताट, पाण्याचा हौद, मोबाईल आणि शेजारीपाजारी मायक्रोवेव्ह असेल तर उडदाचा एक पापड.

प्रत्येक प्रयोगात तीनच गोष्टी विचारायच्या. हलतंय काय? कुणीकडं हलतंय? आणि ऊर्जा शेवटी उतरते कुठं? तिसरा प्रश्न पुस्तकात फारसा येत नाही, पण नळी फुटणं, भिंत पडणं, पाणी तापणं या सगळ्याचं उत्तर त्यातच सापडतं.

ऊर्जा पोचवायची दुसरी रीतही आधी डोळ्यांपुढं ठेवा. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत लांबून नळाने आणलेलं पाणी उंचावरून पात्यांवर पडतं आणि जातं फिरतं. तिथं ऊर्जा पाण्याबरोबर आली, पाणी स्वतः तेवढं अंतर चालून आलं. ती लाट नव्हे, तो प्रवाह. लाटेत निरोप येतो, निरोप्या घरीच राहतो.

पायरी १: कासरा आणि चिंधी

कासऱ्याचं एक टोक लिंबाच्या झाडाला कमरेच्या उंचीवर घट्ट बांधा. दुसरं हातात धरा. फार ताणू नका आणि जमिनीला लोळूही देऊ नका. दोरी मातीला घासली की धक्का निम्म्या वाटेतच जिरतो आणि लेकरं म्हणतात, "सर, काहीच होईना." मधोमध लाल चिंधी बांधा. आता मनगटाने वर-खाली एकच झटका द्या. एकच! उत्साहाच्या भरात दहा झटके दिले की येणाऱ्या-जाणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि काही कळत नाही.

कुबड झाडाकडं धावतं. चिंधी मात्र जागच्या जागी वर जाते, खाली येते आणि थांबते. दोरी हलली लांबीला आडवी, म्हणजे वर-खाली, आणि लाट गेली लांबीने. पुस्तकात याला अवतरंग म्हणतात. झाडापाशी पोचलेलं कुबड उलटं होऊन परत येतं. वरून गेलं असेल तर खालून येतं. झाड हललं नाही, म्हणून त्याने ऊर्जा जवळजवळ घेतलीच नाही, आली तशी माघारी धाडली.

मग झाडाचं टोक सोडवून एका लेकराच्या हातात द्या आणि त्याला डोळे मिटायला सांगा. छोटा झटका, मग तितक्याच वेळात दुप्पट उंचीचा झटका. दुसरा दुपटीपेक्षा बराच जास्त जाणवतो. त्याच वेळात दुप्पट उंच जायचं तर दोरीला दुप्पट वेगानं पळावं लागतं, आणि हलत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून आयाम, म्हणजे झटक्याची उंची, दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, तिप्पट झाला की नऊपट. हे एवढं पक्कं करून घ्या, पुढं सारखं लागणार आहे.

याच पायरीत आणखी एक करा, पाच मिनिटांचं काम आहे. कासऱ्याच्या टोकाला बारीक सुतळी जोडा आणि सुतळी झाडाला बांधा. कासऱ्याकडून झटका दिला की गाठीपाशी त्याचे दोन तुकडे होतात. एक सुतळीत पुढं जातो, एक माघारी फिरतो. माध्यम बदललं की ऊर्जेची अशी वाटणी होते. सोनोग्राफी करताना पोटावर गारेगार जेल लावतात ते याचसाठी. यंत्र आणि कातडी यांच्यात हवेचा पातळ थर राहिला, तर जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच परततो आणि आत काही पोचतच नाही.

इथं एक तक्रार. लाटेचं उदाहरण म्हणून वाऱ्यावर डोलणारी ज्वारी सर्रास दिली जाते. रब्बीच्या दिवसांत धुऱ्यावर उभं राहून बघायला ती सुरेखच दिसते, आणि कणीस जागेवरच राहतं हेही खरं. पण एका धाटाने दुसऱ्या धाटाला धक्का दिला म्हणून ती लाट पुढं जात नाही. वाऱ्याचा झोत सरकतो आणि ज्याच्यावर येतो त्याला वाकवतो. वारा थांबला की लाट तिथंच संपते. कासऱ्यात मात्र हात थांबल्यावरही कुबड चालत राहतं, कारण दोरीचा प्रत्येक तुकडा शेजारच्याला ओढतो. ज्वारीचं उदाहरण द्या, पण हा फरक सांगून द्या.

पायरी २: हलगी आणि रवा

तुळजापूरच्या रांगेत माणसं ज्या दिशेने हलली त्याच दिशेने धक्का गेला. हा अनुतरंग. आवाज याच जातीचा. हवेचे कण पुढं-मागं हलतात, कुठं दाटी होते, कुठं विरळ होतं.

पातेल्यावर प्लास्टिकची पिशवी ढोलकीच्या पुडीसारखी ताणून रबराने बांधा. वर चिमूटभर रवा पसरा. हातभर अंतरावर हलगी धरून वाजवा. शेकून टणक केलेली असेल तर उत्तमच. रवा उडतो. मध्ये उदबत्ती लावून ठेवा. धूर थरथरतो, पण पातेल्याकडं वाहत जात नाही. म्हणजे वारा गेला नाही, हवा हवेच्या जागी राहिली आणि रव्याला उडवायची ऊर्जा तेवढी पोचली.

आता मागं सरका. एक मीटर, दोन, चार. रवा झपाट्याने शांत होतो. मोकळ्या मैदानात आवाज सगळ्या दिशांना पसरतो आणि तीच ऊर्जा वाढत्या गोळ्यावर वाटली जाते. अंतर दुप्पट झालं की चौरस मीटरमागे येणारी ऊर्जा पावपट. कासऱ्यात असं का झालं नाही? कारण तिथं पसरायला जागाच नव्हती. आवाजालाही जागा देऊ नका. पंधरा-वीस मीटरची रिकामी नळी घ्या, एका टोकाला तोंड लावून कुजबुजा, दुसऱ्या टोकाला कान. आखाड्यावरून विहिरीवर निरोप जातो.

डीजेच्या भिंतीपुढं नाचणाऱ्या पोरांसाठी एक हिशोब. डेसिबलची मोजणी फसवी असते. दर १० डेसिबलला ऊर्जा १० पट होते. साधं बोलणं ६० धरलं आणि भिंत १००, तर कानाच्या पडद्यावर येणारी ऊर्जा दीडपट-दुप्पट नव्हे, १०,००० पट. निवासी भागात नियमाने दिवसा ५५ आणि रात्री ४५ ची मर्यादा आहे. यावर अधिक बोललं की गावात वैर येतं, म्हणून पुढच्या पायरीकडं जाऊ.

पायरी ३: वीज चमकली, अंक मोजा

हा प्रयोग घरात बसूनच करायचा. मृगाच्या आगेमागे मराठवाड्यात वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. पाणी येताना झाडाखाली थांबायची सवय हे त्याचं मोठं कारण.

वीज चमकते तेव्हा दोन लाटा एकदमच निघतात. उजेड सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे लगेच पोचलाच म्हणायचा. आवाज आपल्याकडच्या उकाड्यात सेकंदाला साधारण ३५० मीटर. चमक दिसली की "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोजायला लागा, गडगडाट ऐकू आला की थांबा आणि आकड्याला ३ ने भागा. इतके किलोमीटर. नऊ मोजलेत तर वीज तीन किलोमीटरवर. तीसच्या आत गडगडाट आला तर शेतातलं काम टाकून पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे मोबाईल अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देतं. ते घेऊन ठेवा, पण मोजायची सवय सोडू नका, रेंज कधी जाईल सांगता येत नाही.

दोन लाटा एकत्र निघाल्या, वेग वेगळे, मधल्या वेळावरून अंतर. ही युक्ती लक्षात असू द्या, सहाव्या पायरीला परत येईल.

पायरी ४: हौद, लाही आणि नाथसागर

ही पायरी हौदातच करा. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यावर लेकरांना नेऊ नका. तो उतार ओला झाला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही.

शांत पाण्यावर ज्वारीच्या दोन-तीन लाह्या सोडा आणि लांब कोपऱ्यात खडा टाका. वलयं येतात, लाही वर-खाली आणि जराशी पुढं-मागं होते, आणि आपली जागा धरून राहते. पृष्ठभागाजवळचं पाणी खरं तर छोट्या गोल फेऱ्या मारत असतं. खोल जावं तशा फेऱ्या लहान होतात. चार मीटर लांबीची लाट असेल तर दोन मीटर खाली हालचाल जवळजवळ नसतेच. इथं ऊर्जा गोळ्यावर नाही, वलयावर वाटली जाते, म्हणून अंतर दुप्पट झालं की ती निम्मी होते, पावपट नाही.

हेच मोठ्या मापात बघायचं तर पैठणला जा. जायकवाडीचं धरण मातीचं, लांबी सुमारे १० किलोमीटर, काम १९६५ ला सुरू होऊन १९७६ ला पुरं झालं. मागं नाथसागर असा पसरलाय की वाऱ्याला पाण्यावरून मैलोन्‌मैल मोकळी धाव मिळते, आणि धाव जितकी लांब तितकी लाट मोठी होते. अर्धा मीटर उंचीच्या लाटांत पाण्याच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ३०० जूल ऊर्जा असते. उंची एक मीटर झाली की १२०० च्या वर. तोच चौपटीचा नियम. ही सगळी शेवटी भिंतीवर येऊन उतरते. उघड्या मातीवर उतरली तर दर लाटेला माती थोडी थोडी जाईल. म्हणून पाण्याकडच्या उताराला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचा थर, असतं. ते गुळगुळीत का नाही, असं लेकरं विचारतात. गुळगुळीत भिंत लाटेला लिंबाच्या झाडासारखी परत पाठवेल. ओबडधोबड दगडांच्या फटींत मात्र पाणी घुसतं, घुसळतं, फेसाळतं आणि ऊर्जा तिथंच जिरते.

पायरी ५: लाईट गेली आणि नळी फुटली

या पायरीला प्रयोग नाही. असला तर तो माझ्याच पैशानं झालेला आहे.

विहिरीपासून वरच्या पट्टीपर्यंत आमची सहाशे मीटरची अडीच इंची पीव्हीसी लाईन आहे. दुकानदार म्हणाला, "सर, चार केजीची टाका, तुमच्या चढाला पुरते." म्हणजे चौरस सेंटिमीटरला चार किलो दाब सोसणारी. चढाच्या हिशोबाने पुरतही होती. पहिल्याच हंगामात रात्रीच्या थ्री-फेजला मोटार चालू असताना लाईट गेली आणि सकाळी बघतो तर विहिरीजवळच्या बेंडला, म्हणजे वळणाच्या सांध्याला, नळी उभी चिरलेली. नवी टाकली. पंधरा दिवसांत पुन्हा तिथंच. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, बेंडच खराब आहे." मीही दुकानदाराशी भांडून आलो. विज्ञान शिकवणारा माणूस, पण त्या बेंडपाशी काय होतंय हे कळायला मला तिसरी नळी फुटावी लागली.

झालं होतं असं. मोटार चालू असताना नळीत सुमारे अडीच टन पाणी सेकंदाला दीड मीटर वेगानं पळत असतं. लाईट गेली की मागून ढकलणारं कुणी उरत नाही. पाणी थोडं पुढं जाऊन थबकतं, चढावरून माघारी येतं आणि विहिरीवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, खाडकन बंद होतो. व्हॉल्व्हला लागलेलं पाणी थांबलं, पण मागचं येतच आहे. तुळजापूरची रांगच ती. कठड्यापाशी दाटी होते आणि दाबाची लाट नळीतून उलटी धावते. पीव्हीसी नळीत ती सेकंदाला साधारण ४०० मीटर जाते, वरच्या टोकावरून परतते, पुन्हा येते, असे हेलपाटे घालते. विहिरीवर झोपणाऱ्याला लाईट गेल्यावर येणारा "धाड... धाड..." ओळखीचा असतो, तो हाच.

दाब किती वाढतो? पाण्याची घनता, लाटेचा वेग आणि अचानक थांबलेल्या पाण्याचा वेग यांचा गुणाकार करा. १००० × ४०० × १.५ म्हणजे ६ लाख पास्कल, आपल्या भाषेत सुमारे ६ केजी. माघारी येणाऱ्या पाण्याचा वेग याच्या निम्मा धरला तरी ३ केजी, आणि चढाचा दाब आधीचाच. चार केजीची नळी टिकेल कशी? ऊर्जेच्या हिशोबाने बघा. अडीच टन पाणी दीड मीटर वेगानं पळतं तेव्हा त्यात सुमारे २८०० जूल असतात. पन्नास किलोची सोयाबीनची गोणी अठरा-एकोणीस फुटांवरून खाली सोडली तर जितका दणका बसेल तितके. बेंडपाशी पाण्याला वळावं लागतं, तिथं नळीला बाजूने रेटा बसतो आणि नेमका तो सांधा हलता असेल तर सगळा मार तिथंच उतरतो.

मी पुढं काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण यात खर्चाचा क्रमही आहे.

फुकटची गोष्ट आधी. हाताने व्हॉल्व्ह बंद करताना झटक्यात करू नका. सहाशे मीटर नळीत लाटेला जाऊन परत यायला ३ सेकंद लागतात. त्याच्या आत व्हॉल्व्ह बंद झाला तर पुरा दणका बसतो. अर्धा-पाऊण मिनिट घेऊन, हळूहळू फिरवत बंद केला तर पाण्याचा वेग थोडा थोडा उतरतो आणि दाब चढतच नाही. मोटार चालू करतानाही व्हॉल्व्ह थोडाच उघडा ठेवून मग मोकळा करा.

नंतर बेंडला सिमेंट-काँक्रीटचा गोळा भरा, मागं न हललेल्या मातीला टेकवून. सांधा हलला नाही की चिरत नाही. दीड पोतं सिमेंट लागलं.

मग सगळ्यात उंच जागी एअर व्हॉल्व्ह. पाणी माघारी फिरताना वर पोकळी होते, तिथं हवा आत आली पाहिजे, आणि नळी भरताना अडकलेली हवा बाहेर गेली पाहिजे. आणि साधा झडपेचा नॉन-रिटर्न काढून स्प्रिंगचा बसवा. तो पाणी उलटं पळायला लागायच्या आतच मिटतो, त्यामुळं आपटायला वेगच उरत नाही.

नळी बदलणं शेवटी. विहिरीपासूनचा पहिला शंभर मीटरचा तुकडा मी सहा केजीचा केला, बाकी तीच चार केजीची राहू दिली. दुकानदाराची माफी मागायची राहिलीच आहे.

मोटारीला 'ऑटो', म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा स्विच, लावलेला असेल तर जास्त जपा. लाईट रात्रीतून चार वेळा आली-गेली की दणकेही तितकेच बसतात, आणि तेव्हा तुम्ही झोपलेले असता.

पायरी ६: जमिनीतली लाट

मोबाईलमध्ये 'फायफॉक्स' नावाचं फुकट अ‍ॅप उतरवून घ्या, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं. त्यात त्वरण मोजायचा भाग उघडा, गुरुत्व वगळून. मोबाईल फरशीवर थेट ठेवा, चटई-सतरंजीवर नको. डुगडुगणारी शहाबादी फरशीही नको. कुणालातरी एक मीटरवर दहा किलो गव्हाची पिशवी गुडघ्याच्या उंचीवरून सोडायला सांगा. पडद्यावर टोक उठतं. मग दोन मीटर, चार मीटर. टोकं बुटकी होत जातात. उंची वहीत लिहा. हेच अंगणातल्या मातीवर करा आणि फरक बघा. जमीन मोबाईलपर्यंत चालत गेली नाही, धक्का गेला.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव झोपलं होतं. किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता ६.२ होती. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं गेली, हजारो माणसं गेली. आमच्या भागात या विषयावर शिकवताना आवाज आपोआप खाली येतो.

भूकंपात आधी पी-लाट येते. ती अनुतरंग, आवाजासारखी दाबत-सोडत येणारी, खडकात सेकंदाला साधारण ६ किलोमीटर. मागून एस-लाट, कासऱ्यासारखी आडवी झटकणारी, साधारण साडेतीन किलोमीटर. दोघी निघतात एकदमच. पहिला हादरा आणि मोठा आडवा हेलकावा यांच्यात जितके सेकंद जातात त्याला ८ ने गुणलं की केंद्राचं ढोबळ अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. वीज मोजली तसंच. त्यांच्या मागून जमिनीच्या पाठीवरच्या लाटा येतात. त्या वलयासारख्या पसरतात, म्हणून लांबवर जास्त टिकतात.

हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या आसपास जमिनीतून गुरगुर, धडाम असे आवाज लोक वर्षानुवर्षं ऐकतात. कमी खोलीवर छोटा हादरा झाला की पी-लाट पृष्ठभागावर येऊन जमिनीला सूक्ष्म थरथरवते. हलगीच्या कातड्यासारखी ती थरथर हवेत आवाज सोडते. हादरा अंगाला जाणवणार नाही इतका बारीक असला तरी कानाला कळतो. मार्च २०२४ मध्ये त्याच पट्ट्यात ४.५ चा धक्का बसला आणि दिवसभर फोन वाजत राहिले, "सर, किल्लारीसारखं होईल का?" ६.२ आणि ४.५ हे आकडे शेजारी दिसतात, पण एका अंकामागे ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. १.७ च्या फरकाला ती साडेतीनशे पट होते. पुढं काय होईल ते कुणी सांगू शकत नाही, पण हे दोन धक्के एका मापाचे नव्हते एवढं सांगता येतं.

किल्लारीला ऊर्जा उतरली कुठं? घरांत. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर फूटभर नाहीतर त्याहून जास्त माती. उन्हाळ्यात थंडगार. पण जमीन आडवी झटकली की इतकं वजन तिच्याबरोबर हलत नाही, मागं राहतं, आणि सगळा ताण भिंतीवर येतो. भिंतीचे आतले-बाहेरचे दोन थर एकमेकांना बांधलेले नव्हते. ते सुटे झाले आणि माळवद खाली आलं. केंद्र कमी खोलीवर होतं, त्यामुळं ऊर्जा पसरायला अंतरच मिळालं नाही. काही ठिकाणी मऊ मातीनेही भर घातली. कठीण खडकातून मऊ मातीत शिरताना लाट मंदावते आणि तितकीच ऊर्जा न्यायची तर तिचा आयाम वाढतो.

जुनं घर असेल तर यातून करण्यासारखं इतकं आहे: माळवदावर दर वर्षी नवी माती चढवू नका, आधीची काढा. भिंत बांधताना दोन्ही थरांना आरपार जोडणारे लांब दगड ठरावीक अंतराने घाला. दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या घराला वेढणारा काँक्रीटचा सलग पट्टा घ्या. छप्पर हलकं ठेवा. पट्ट्यामुळं चारही भिंती एकदम हलतात, एकटीवर मार येत नाही. हे गवंड्याला सांगितलं की तो "एवढं कशाला" म्हणतोच. तरी करून घ्या.

पायरी ७: काहीच नसलं तरी चालणारी लाट

आतापर्यंत दोरी, हवा, पाणी, खडक असं कुणीतरी निरोप पुढं द्यायला होतं. सूर्य आणि आपण यांच्यात तसं कुणी नाही, तरी ऊन ८ मिनिटं २० सेकंदांत पोचतं. इथं हलतात ती विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं, एकमेकांना आधार देत. आडवीच लाट, पण दोरीशिवाय.

दोन सारख्या ताटल्या घ्या, एकीला खालून-आतून काजळी फासा, दोन्हींत पेलाभर पाणी घालून मेच्या दुपारी अर्धा तास उन्हात ठेवा. बोट बुडवून बघा. ऊन दोन्हींवर सारखंच पडलं, चकचकीत ताटलीने बरंचसं परत पाठवलं, काळीने ठेवून घेतलं. स्वच्छ दुपारी चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट येतात. सौर पंपाची दोन चौरस मीटरची पाटी त्यातले चारशेच्या आसपास विजेत देते, म्हणून पाच एचपीला एक-दोन पाट्यांवर भागत नाही, बारा-तेरा लागतात. पाटीवर धुरळा बसला की तेवढी ऊर्जा धुरळ्यातच उतरते. आठवड्यातून एकदा सकाळी गार असताना पुसा.

शेवटी पापड. मायक्रोवेव्हमधली फिरणारी काच आणि तिच्याखालचं चाक काढून ठेवा, एक उथळ चिनी मातीची बशी पालथी घाला, वर उडदाचा मोठा पापड ठेवा आणि वीस सेकंद चालवा. पापड सगळीकडं एकसारखा फुगत नाही. काही ठिकाणी पांढरे फोड येतात, मध्ये कच्चाच राहतो. पेटीच्या भिंतींवरून लाटा परततात, येणाऱ्या-जाणाऱ्या मिसळतात आणि काही जागी जोर कायम, काही जागी शून्य असं चित्र उभं राहतं. लिंबाला बांधलेला कासरा एका तालात हलवत राहिलात तर त्यातही असेच न हलणारे बिंदू सापडतील. शेजारच्या दोन फोडांच्या मध्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. सहा सेंटिमीटरच्या आसपास येतं, ही अर्धी तरंगलांबी, म्हणजे एका लाटेच्या लांबीच्या निम्मी. दुप्पट केलं की ०.१२ मीटर. पेटीच्या मागच्या चिकटपट्टीवर २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी लाटा. दोन्हींचा गुणाकार करा: २९ कोटी ४० लाख मीटर प्रति सेकंद. उजेडाचा वेग ३० कोटीच्या जरा खाली आहे, आणि आपण तो स्वयंपाकघरात पट्टीने काढला.

आमच्याकडं पहिल्या खेपेला ३६ कोटी आला होता. धाकटीने फोडांच्या मध्यापासून न मोजता कडेपासून मोजलं होतं. दुसरा पापड घ्यावा लागला. पहिला तोवर संपलाच होता.